गणपतीत दरवर्षी मोरी उलटते: गावच्या घराची जुनी सांडपाण्याची लाईन कशी शोधली

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, माणसं जेवून उठली की, मागच्या न्हाणीघरातल्या जाळीतून पाणी वर यायला लागायचं. आधी बुडबुड आवाज, मग काळपट पाण्याचं बोटभर तळं. संडासात बादली ओतली की भांड्यातलं पाणी काठापर्यंत चढायचं आणि अगदी सावकाश उतरायचं. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं आणि गणपतीला तिथे वीस-बावीस माणसं जमतात. त्यामुळे "माणसं जास्त, टाकी लहान" हे कारण घरात सगळ्यांना पटलेलं होतं. चार वर्षं लागोपाठ आम्ही सक्शनची गाडी बोलावली. सेप्टिक टाकी उपसली की चार-पाच दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच.

पाचव्या वर्षी मी आठ दिवस आधी एकटाच गेलो. जून लागल्यापासून घराला कुलूप होतं. टाकीचं झाकण सरकवलं तर टाकी गच्च भरलेली, आणि पाणी जवळजवळ निवळ. वासही फारसा नाही. अडीच महिन्यांत जिच्यात कुणी तांब्याभर पाणी ओतलं नाही, ती टाकी भरली कशी? त्या दिवशी समजलं की आम्ही चार वर्षं चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवत होतो. प्रश्न आमच्या माणसांचा नव्हता. दुसरं कुठलं तरी पाणी आत येत होतं, आणि ते कुठून येतं आणि कुठे जातं हे घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोकणातली बरीच जुनी घरं याच अवस्थेत आहेत. आजोबांनी एक लाईन टाकली, वडिलांनी तिला दुसरी जोडली, आणि मग कुठल्यातरी मे महिन्यात गवंड्याने अंगणात लादी बसवून सगळं झाकून टाकलं. नकाशा कुणी काढला नाही. ज्यांना माहीत होतं ती माणसं गेली, किंवा थकली. म्हणून आम्ही काय केलं ते सविस्तर लिहितो आहे.

आधी कुठे अडलंय ते ठरवा

खणायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या. यातच निम्मं काम होतं.

पहिली, पाणी एकाच ठिकाणी तुंबतं की सगळीकडे? फक्त स्वयंपाकघराची मोरी तुंबत असेल आणि संडास व्यवस्थित वाहत असेल, तर अडथळा त्या मोरीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात, किंवा तिच्या पुढच्या दोन-चार फुटांत आहे. बहुतेक वेळा खरकटं आणि तेलाची साय. सगळ्यात खालच्या जाळीतून सगळ्या घराचं पाणी वर येत असेल, तर अडथळा मुख्य लाईनीत, टाकीत किंवा टाकीच्या पुढे.

दुसरी, हे बाराही महिने होतं की फक्त पावसाळ्यात? मे महिन्यात दोन माणसं घरात असतानाही तुंबत असेल तर पाईप फुटलाय, बसलाय किंवा मुळांनी भरलाय. फक्त जुलै ते सप्टेंबरमध्ये होत असेल तर पावसाचं पाणी आत शिरतंय, किंवा शोषखड्डाच, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डाच, भूजलात बुडालाय. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी निघाल्या.

तिसरी तपासणी सगळ्यात उपयोगाची, आणि ती कुणी करत नाही. घरात पाणी तुंबलेलं असतानाच टाकीचं झाकण उघडून पातळी बघायची. टाकीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तोंडाशी असेल, म्हणजे नेहमीच्या पातळीवर असेल, तर टाकी ठीक आहे आणि अडथळा घर ते टाकी या पट्ट्यात आहे. पातळी त्या पाईपच्या वर चढलेली असेल तर अडथळा टाकीच्या पुढे आहे. अशा वेळी टाकी कितीही उपसा, थोडाच काळ बरं वाटतं, कारण तुम्ही फक्त टाकीएवढी रिकामी जागा विकत घेतलेली असते. उपसताना टॉर्च मारून आतल्या भिंतीकडे लक्ष ठेवा. बाहेरच्या पाईपमधून पाणी उलटं टाकीत पडताना दिसलं तर शोषखड्डा भरलेला आहे, आणखी पुरावा नको.

यावरून एक सावधगिरी. भर पावसात टाकी तळापर्यंत रिकामी करू नका. बाहेरच्या मातीत पाणी गच्च असतं, आतला भार गेला की चिऱ्याच्या भिंतीवर बाहेरून दाब येतो. प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी असेल तर ती होडीसारखी वर उचलली जाते. पावसाळ्यात उपसायचीच वेळ आली तर अर्धी उपसा, बाकीचं काम कोरड्या दिवसांत.

वीस माणसं आणि अर्धं छप्पर

मी कागदावर हिशेब मांडला. आमची टाकी आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाण्याची खोली चार फूट, म्हणजे सुमारे 2,700 लिटर. वीस माणसांचं संडासाचं पाणी माणशी 30 लिटर धरलं तरी दिवसाला 600 लिटर. आंघोळ, धुणं, भांडी माणशी 60 लिटर धरली तर आणखी 1,200. सगळं मिळून दोन हजारांच्या आत.

आता छप्पर. घराचा मागचा उतार सुमारे 70 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि दिवसाला 100 मिलिमीटर हा जुलैमधला काही मोठा पाऊस नव्हे. तेवढ्यात या एका उताराचं पाणी होतं 7,000 लिटर. एका दिवसात टाकी अडीच वेळा भरेल इतकं.

हे पाणी पूर्वी पागोळ्यांनी मागच्या अंगणात पडायचं आणि उताराने पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, निघून जायचं. आम्ही पत्र्याची पन्हळ लावली, खाली पाईप सोडला, मागे लादी बसवली. पाईपचं पाणी लादीवर साचू नये म्हणून कुणीतरी तो पाईप जवळच्या चेंबरात सोडून दिला. कामगाराला ते गटाराचं चेंबर वाटलं असणार, शहरात तसं असतंही. ते आमच्या संडासाच्या लाईनीचं चेंबर होतं. तो जोड लादीखाली होता, म्हणून चार वर्षं कुणाला दिसला नाही.

तुमच्याकडे घर बंद असतानाही टाकी भरत असेल, तर सगळ्यात आधी पन्हळीचा पाईप जमिनीत कुठे जातो ते बघा. शंका असेल तर कोरड्या दिवशी शिडी लावून पन्हळीत चार बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या माणसाला टाकीच्या झाकणाशी उभं करा. मला हे आधी सुचलं असतं तर चार गाड्यांचे पैसे वाचले असते.

शोधायचं ते मे महिन्यात

लाईन शोधायला उत्तम काळ एप्रिल-मे. विहिरीची पातळी तळाला गेलेली असते, खणलेला खड्डा कोरडा राहतो, आणि सुकलेल्या परड्यात, म्हणजे घरामागच्या वाडीत, जमिनीखालचं ओल असलेलं ठिकाण आपोआप दिसतं. सगळीकडे गवत करपलेलं असताना एखादा पट्टा हिरवा दिसला, अळू किंवा केळ कुणी शिंपत नसताना तरारलेली दिसली, तर तिथे गळती आहे किंवा जुना खड्डा आहे. आमच्या डाव्या कोपऱ्यातला माड बाकीच्यांपेक्षा कितीतरी जोमदार होता. त्याचं कारण पुढे कळलं.

अवजारांपेक्षा आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा. माझी आत्या आता 81 वर्षांची आहे. "आत्या, जुना संडास कुठे होता गं?" एवढंच विचारलं, तर ती डोळे मिटून सांगायला लागली. रात्री कंदील घेऊन मागच्या दाराने निघायचं, पाण्याच्या डोणीच्या उजव्या अंगाने रातांब्यापर्यंत जायचं, तिथून सात-आठ पावलं. पावसात एकटीला भीती वाटायची म्हणून आजी सोबत यायची. मी फोनवर बोलता बोलताच पावलं टाकत गेलो. रातांबा आता नाही, पण त्याचं खोड दिसतं. तिथून आठव्या पावलावर सळई दोन फुटांत सरसर आत गेली. आजूबाजूला ती सहा इंचांवर जांभ्याला अडत होती.

ही सळई म्हणजे 12 एमएमची, चार फुटांची, वर आडवा दांडा वेल्ड करून घेतलेली. लोहाराकडे दहा मिनिटांचं काम. आदल्या संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपडून ठेवायचं आणि सकाळी फूटभर अंतराने टोचत जायचं. हात लवकर शिकतो. जांभ्याचा दगड खरखरीत लागतो आणि सळई वेडीवाकडी सरकते. फरशीवर टण् असा आवाज येऊन ती जागेवर थांबते. पाईपवरून ती एका बाजूला घसरते. जोर मात्र लावायचा नाही. जुने पाईप भाजलेल्या मातीचे, वरून चकाकी असलेले स्टोनवेअरचे असतात, आणि धक्क्याने त्यांचा टवका उडतो. विजेची केबल किंवा पंपाची वायर त्या बाजूने गेली असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय टोचूच नका.

आतून शोधायचं तर इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग घ्या. संडासाच्या भांड्यातून घालू नका, तिथल्या बाकात ती अडकते. व्हेंट पाईप (हवा जाण्याचा उभा पाईप) किंवा पहिलं चेंबर मिळालं तर तिथून घाला. जिथे अडेल तिथे स्प्रिंगला चिकटपट्टी लावून खूण करा, बाहेर काढा, मोजा. आमची 22 फुटांवर अडली. तेवढंच अंतर अंगणात दोरीने मोजलं, तर दोरी धुण्याच्या दगडाच्या पलीकडे आली. लादीच्या दोन फरशा काढल्या, आठ इंच भराव काढला, आणि खाली चिऱ्याचं जुनं चेंबर मिळालं. पन्हळीचा पाईप त्यातच येत होता. हल्ली मोबाईलला जोडायचा सापासारखा कॅमेरा मिळतो, तो पुढच्या तुकड्यात घातला. आत माडाच्या मुळांचा झुबका लोंबत होता. माडाला सोटमूळ नसतं. बोटाएवढी असंख्य मुळं लांबवर जातात आणि स्टोनवेअरच्या सिमेंट उडालेल्या सांध्यातून आत शिरतात. तो कोपऱ्यातला माड इतका जोमदार का, ते तेव्हा कळलं.

कोणती मोरी कुठे जाते हे कळायला रंग वापरा. एका मोरीत कपड्याची नीळ, दुसरीत खाण्याचा लाल रंग, मागून दोन-दोन बादल्या पाणी, आणि प्रत्येक चेंबरशी एक माणूस. रात्री शांततेत केलं तर कान लावूनही कळतं. आमच्या स्वयंपाकघराचं पाणी टाकीत जातच नव्हतं. ते सगळ्यात जुन्या चिऱ्याच्या पाटाने थेट केळीत जात होतं. पणजोबांच्या काळची ती वाट अजून चालू होती, आणि सगळ्या घरात तीच एक कधी तुंबली नव्हती.

उताराचं मोजमाप गवंड्याच्या लेव्हल पाईपने करा. चार इंची पाईपला दहा फुटांना तीन इंच उतार हवा. आमच्याकडे 2006 साली जोडलेल्या पीव्हीसीच्या तुकड्याला 14 फुटांत जेमतेम एक इंच उतार होता, आणि मध्ये तो पोटात बसला होता. त्या पोटात गाळ साचत होता.

झाकण उघडण्याआधी हे वाचा

या परिच्छेदासाठी बाकीची पोस्ट सोडली तरी चालेल. सेप्टिक टाकीत किंवा जुन्या खड्ड्यात डोकं घालायचं नाही, उतरायचं नाही, कुणाला उतरवायचं नाही. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो, प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडला कमी प्रमाणात सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. माणसाला वाटतं हवा सुधारली, आणि तो दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली, एकाच कामावरची दोन-तीन माणसं अशी जातात.

"आमचा नेहमीचा माणूस आहे, तो उतरतो" असं गावात सहज म्हटलं जातं. 2013 च्या कायद्याने टाकीत माणूस उतरवून धोकादायक साफसफाई करून घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर तो माणूस संध्याकाळी घरी जायला हवा म्हणून हे पाळा. कणकवलीला गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन आपल्या याच मुलखात आयुष्यभर या कामाशी झगडले. मैला उचलायची वेळ कुणा एका जातीच्या माणसावर येऊ नये म्हणून त्यांनी स्वतः सफाईचं काम केलं आणि मैल्याचं खत होईल असे साधे संडास बांधून दाखवले. त्यांच्या जिल्ह्याशेजारी राहून आपण एखाद्याला दोरी बांधून टाकीत सोडावं, हे मला सहन होत नाही.

गाडी घरापर्यंत येत नाही ही आमच्याकडची खरी अडचण. पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरून, गाडी कशी येणार? गाडीवाल्याला आधी विचारा की होज किती लांब आहे, आणि रस्त्यापासून टाकीपर्यंतचं अंतर व उंचीतला फरक मोजून सांगा. आमच्याकडे 130 फूट लागली, दोन होज जोडून काम झालं. झाकण अर्धा-एक तास आधी उघडं टाका, जवळ विडी-काडी नको, मुलांना घरात ठेवा. उघडी टाकी एक मिनिटही राखणीशिवाय सोडू नका. उपसलेला मैला कुठे नेऊन ओतणार हेही विचारा. पऱ्यात ओतणार असेल तर ते पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत जाणार आहे.

रातांब्याजवळचा खड्डा

जुन्या संडासाचा खड्डा सापडला तेव्हा त्यावर काय झाकण आहे याची कल्पना नव्हती. म्हणून आधी चारी बाजूंना फळ्या आडव्या टाकून, त्यांवर उभं राहून, कडेकडेने माती काढली. वर फणसाच्या फळ्या होत्या, त्यांचा भुसा झाला होता, आणि त्यांवर वीतभर माती. मुलं त्याच जागेवर क्रिकेट खेळायची. तुमच्या परड्यात असा खड्डा आहे असं नुसतं ऐकलं असलं तरी तो सापडेपर्यंत तिथे दोरी बांधून ठेवा.

आतलं सगळं केव्हाच माती झालं होतं. खड्ड्यातला मैला वापर थांबल्यावर एक-दोन वर्षांत निरुपद्रवी होतो, दोन खड्ड्यांचे संडास याच तत्त्वावर चालतात, आणि हा तर चाळीस वर्षं पडून होता. कुजक्या फळ्या काढल्या, चिऱ्याचे तुकडे आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकला आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकला. नुसती माती लोटून दिली असती तर पहिल्याच पावसात खचली असती. वर थोडा उंचवटा ठेवला. खड्ड्यात अजून ओल किंवा गाळ असेल तर आधी गाडीने उपसून मगच भरा.

एक विनंती, पडीक विहिरीचा सांडपाण्यासाठी खड्डा करू नका. "कोरडीच तर आहे" म्हणून असं केलेलं मी पाहिलं आहे. ती विहीर ज्या झऱ्याला लागलेली असते, तोच झरा शेजाऱ्याच्या विहिरीत उघडतो.

विहिरीने सांगितलेलं

पन्हळीचा जोड तोडला की सगळं सुटेल अशी माझी समजूत होती. मग विहिरीची पातळी टिपायला लागलो. मे महिन्यात पाणी काठापासून 28 फुटांवर. जुलैच्या मध्याला नऊ फुटांवर. ऑगस्टच्या शेवटी तीन फुटांवर. आमचा शोषखड्डा सहा फूट खोल, आणि परड्याच्या सखल कोपऱ्यात. म्हणजे गणपतीत तो पूर्णच्या पूर्ण भूजलात बुडालेला असायचा. जो खड्डा स्वतःच पाण्याने भरलाय तो आणखी पाणी शोषणार कुठे? सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात, आयएस 2470 मध्ये, शोषखड्ड्यासाठी भूजल जमिनीपासून 180 सेंटिमीटरच्या खाली हवं असं धरलं आहे. त्यापेक्षा वर येत असेल तर उथळ चर, तेही उंचवट्यात. कोकणात पावसाळ्यात विहिरी काठोकाठ येतात, तरी शोषखड्डे सर्रास खोलच खणले जातात, कारण खणताना मे महिना असतो आणि खड्डा कोरडा दिसतो.

त्याच मानकात पिण्याच्या विहिरीपासून 18 मीटर, म्हणजे सुमारे 59 फूट अंतर सांगितलं आहे. आमचा खड्डा विहिरीपासून 41 फुटांवर निघाला. हे मोजलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण हेच पाणी आम्ही पितो. ग्रामपंचायतीत पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात. पाण्यात मैल्याचा अंश असेल तर बाटलीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडतं. आमची बाटली दुसऱ्या सकाळी काळी होती. त्या दिवसापासून पाणी उकळूनच घेतलं, आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर खोल असेल तर सुमारे 28,000 लिटर, म्हणजे 70 ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत खोल सोडायचं, आणि तासभर ते पाणी वापरायचं नाही. हा तात्पुरता उपाय. दूषित पाणी येत राहिलं तर पावडर किती दिवस टाकणार?

जांभ्याबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. शोषखड्ड्यात पाणी झपाट्याने उतरलं की गवंडी खूश होतो. आमचा जांभा चाळणीसारखा आहे, त्यात बोट जाईल एवढ्या पोकळ्या असतात. पाणी झपाट्याने उतरतं याचा अर्थ ते मातीत गाळलं न जाता पोकळीतून पळतंय, आणि विहीर त्याच पोकळ्यांवर जगते. चर खणण्याआधी जागेची परीक्षा घ्या. दोन फूट खोल छोटा खड्डा, रात्रभर पाणी भरून माती भिजवायची, सकाळी पुन्हा सहा इंच पाणी भरून एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. तासाच्या वर लागला तर ती जागा नको. पण एक-दोन मिनिटांतच उतरत असेल तरीही मी ती जागा घेणार नाही, किंवा तळाला फूटभर रेती आणि माती भरून घेईन.

आम्ही शेवटी काय केलं

पन्हळीचा पाईप चेंबरातून काढून उघड्या चराने पऱ्याला सोडला. चर उघडाच ठेवला, म्हणजे काय वाहतंय ते डोळ्यांना दिसतं. न्हाणीघराचं आणि धुण्याचं पाणी संडासाच्या लाईनीपासून तोडून, मध्ये गाळ बसायला लहान चेंबर करून, केळी आणि कर्दळीच्या वाफ्यात सोडलं. आत्या म्हणाली, "पूर्वी असंच होतं रे." खरंच होतं. टाकीत आता फक्त संडासाचं पाणी जातं, गणपतीतही दिवसाला 600 लिटर.

टाकी उपसल्यावर वरूनच टॉर्चने पाहिलं तर बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा पाईपचा जोड, नव्हती. ती नसली की वरची साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि त्याची छिद्रं बुजवते. बाहेरून पाईप उघडा करून नवीन टी बसवली, तिचा खालचा पाय पाण्यात फूटभर. आत येणारा पाईप बाहेर जाणाऱ्यापेक्षा दोन इंच वर आहे ना तेही तपासलं. माडाच्या मुळांनी भरलेले स्टोनवेअरचे 12 फूट काढून पीव्हीसी टाकला. तुमच्याकडे करड्या रंगाचे, सिमेंटसारखे दिसणारे जुने पाईप निघाले तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कोरडे कापू किंवा फोडू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. आम्हाला असा एक तुकडा मिळाला, तो दोन्ही तोंडं बंद करून जमिनीतच राहू दिला.

जुना शोषखड्डा बंद केला. विहिरीपासून 80 फुटांवर, घराच्या दुसऱ्या उतारावर, गडग्याच्या (दगडी बांधाच्या) खालच्या टप्प्यात फूटभर भर घालून दोन फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब असे दोन उथळ चर केले, दोहोंत सहा फूट अंतर. तळाला रेती, मध्ये खडी आणि छिद्रांचा पाईप, वर गोणपाट आणि माती. ती जागा टाकीच्या तोंडापेक्षा खाली आहे म्हणून पंप लागला नाही. सपाट परड्यात कदाचित लागेल. वर गवत लावलं आहे, झाड नाही.

सगळ्या चेंबरांची अंतरं घराच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून नकाशा काढला आणि मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. एका कोपऱ्यापासून मोजलं तर जागा पुन्हा सापडत नाही, दोन कोपऱ्यांपासून दोन दोऱ्या जिथे मिळतात तीच जागा.

गेल्या गणपतीत 23 माणसं होती आणि विसर्जनापर्यंत जाळी कोरडी राहिली. पाचव्या दिवशी टाकीची पातळी तोंडापेक्षा दीड इंच वर होती, मोठी सर येऊन गेल्यावर. दुसऱ्या दिवशी ती उतरली. म्हणजे कुठूनतरी अजून थोडं पावसाचं पाणी येतंय. संशय घराखालून जाणाऱ्या स्टोनवेअरच्या शेवटच्या तुकड्यावर आहे, तो येत्या मे महिन्यात कॅमेऱ्याने बघायचा आहे. विहिरीची बाटली पावसाळा संपल्यावर एकदा तपासली, ती काळी पडली नाही. पण एका बाटलीवर विसंबणार नाही. श्रावणात, पाणी काठाशी आलेलं असताना, पुन्हा तपासणार आहे आणि एक नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीतून, बर्फात ठेवून, त्याच दिवशी पोहोचवणार आहे. तोपर्यंत घरात पाणी उकळूनच.